दोन दिवसांच्या बोलीवर

(पेणच्या बाजारातलं सायकलचं दुकान, शुक्रवारची सकाळ. कमळाकर दुकानाचा मालक. मनस्वी खाडीकडच्या गावातली, विशीतली. काळुराम तिचा बाप, मिठागरावर कामाला.)

मनस्वी: ...ब्रेक नुसते शोभेला लावलेत, हे देतानाच सांगायचं ना शेठ. मी सायकल देव्हाऱ्यात ठेवली असती, हळदकुंकू वाहिलं असतं.

कमळाकर: शोभेचे ब्रेक? हिचे? पोरी, ही रोह्याच्या इंजिनिअरची सायकल आहे. दर रविवारी धुवायचा माणूस. त्याची बदली झाली म्हणून मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात त्याच्या घरी जाऊन उचलून आणली. तुझ्या जिभेपेक्षा जास्त जपलेली वस्तू आहे ती.

मनस्वी: धुवायचा म्हंजे चालवायचा नाय. असले जाम बघितलेत मी. चांगलं हेल्मेट, चांगले बूट, गॉगल, आणि जवळच्या निडी गावापर्यंत गेले की वडापाव खाऊन परत.

कमळाकर: आणि तू कुठला हिमालय उतरलीस?

मनस्वी: गागोद्याकडची टेकडी. काल सकाळी. वरच्या वळणावर ब्रेक दाबला. दाबला म्हंजे पार मुठीला टेकवला. सायकल आपली चाललीय. मला कोण विचारतंय.

काळुराम: मग?

मनस्वी: मग काय, थांबली पुढं जाऊन. बाबा, तू बस ना तिकडं स्टुलावर.

काळुराम: बसतो. शेठ, ही लाल केवढ्याची?

कमळाकर: बघ, तुझ्या बाबांची नजर बरोबर गेली. मामा, ही नवीकोरी आहे. एकवीस गियर, पुढं सस्पेन्शन, मागं सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क. तुमच्या दहा हजारांत बसते, वर घंटी फुकट.

मनस्वी: घंटी वाजवत दरीत जायचं.

काळुराम: अगो, चांगली हाय की. चकचकीत. कुठं गंजाचा ठिपका नाय.

मनस्वी: बाबा, तिला उचलून बघ. उचल. नाय उचलत ना? म्हशीच्या वजनाची हाय. मागचं सस्पेन्शन म्हणतात ना, ती सोफ्यातली स्प्रिंग हाय. चढावर पायडल मारलं की सायकल जागच्या जागी नाचते, पुढं जात नाय. आणि हे गियर बघ, बोटानं हलतायत. अशी सायकल फोटो काढून स्टेटस टाकायला घेतात.

कमळाकर: मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले की सगळे मेकॅनिक.

मनस्वी: आणि दुकान टाकलं की सगळे खरं बोलतात, असं थोडंच हाय.

काळुराम: मनू, नीट बोल. मोठं माणूस हाय.

मनस्वी: तू गप रे बाबा. तुला यातलं काय कळतं? तुला साखळी कुठली आणि टायर कुठला एवढं कळतं. मी बोलतेय ना.

कमळाकर: बोलू दे मामा. गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायला आमचे कान बाजारातच घडलेत. फक्त एक सांग मॅडम, एवढी घाई कसली? दोन दिवसांच्या बोलीवर दिली होती, काल-आज चालवून बघ, नाय पटली तर उद्या आणून दे. उद्यापर्यंत वेळ आहे. तू तर सकाळी शटर उघडायच्या आधी दारात.

मनस्वी: रविवारसाठी घाई. टेकडीखाली तो कॅम्प झालाय ना, मुंबईची माणसं येतात. त्यांना सायकलवर रानात फिरवायला माणूस पायजे. कायमचा, पगारी. रविवारी सगळ्यांनी वरून खाली उतरून दाखवायचं, स्वतःच्या सायकलवर. दुसऱ्याची मागून आणलेली चालणार नाय म्हणाले. बाकी सगळे पोरगे, मी एकटी पोरगी.

कमळाकर: मुंबईची माणसं इथं येऊन सायकल भाड्यानं घेणार, आणि रस्ता दाखवायला तुला पगार देणार.

काळुराम: मीबी हेच म्हटलं. चढायचं आणि उतरायचं, आणि मधी काय आणायचं नाय, नेयाचं नाय. लोकांना कामधंदा नाय राहिला.

मनस्वी: झालं दोघांचं एकमत? मग आता ब्रेकचं बोला. शेठ, तुम्ही मला फसवलंत. दुसरं काय?

कमळाकर: आण इकडं. माझ्या दुकानात उभं राहून फसवलं म्हणतेस, मग माझ्यासमोरच बघू. बुधवारी संध्याकाळी इथून घेऊन गेलीस, तेव्हा ब्रेक लागत होते का?

मनस्वी: लागत होते. गावात शिरताना कुत्रं आडवं आलं तेव्हा जागच्या जागी थांबली.

कमळाकर: आणि गुरुवारी सकाळी नाय. मग रात्रीत काय, ब्रेक झोपले?

मनस्वी: ते तुम्ही सांगा. मेकॅनिक तुम्ही.

कमळाकर: थांब. हे काय आहे? ही डिस्क. हे बघ, बोट बघ माझं. काळं. वास घे.

मनस्वी: ऑइल.

कमळाकर: जळकं ऑइल. गाडीतून काढलेलं. पुढच्या डिस्कला आहे, मागच्या डिस्कला आहे, नटांवर आहे, अगदी स्पोकांच्या मुळाशीसुद्धा. कोणीतरी फडक्यानं, बसून, मन लावून चोपडलंय. अरे कोण गाढव आहे हा? ब्रेकच्या डिस्कला तेल? पॅड पिऊन बसलेत सगळं. हे ब्रेक आता जन्मात धरायचे नाहीत. माणूस मेला असता.

मनस्वी: कोणी लावलं पण? सायकल ओट्यावर होती. आमच्याकडं कोण येणार तेल लावायला? असला बिनडोक माणूस...

काळुराम: मी लावलं.

मनस्वी: काय?

काळुराम: बुधवारी रातीला. आगरातनं आलो, ओट्यावर लोखंड बघितलं. फावडा आणला की त्याला लावतो, कोयत्याला लावतो, पहारीला लावतो. नाय लावलं तर आठ दिवसांत पापुद्रे निघतात. आपल्याकडची हवा तुला ठाव हाय. ती गोल पत्र्याची चकती तर उघडीच होती. तिला दोनदा लावलं.

मनस्वी: दोनदा.

काळुराम: म्हटलं पोरीची वस्तू हाय, टिकायला पायजे.

मनस्वी: बाबा, तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? मी सांगितलं? आईनं सांगितलं? कळत नाय तर विचारावं ना एकदा. सगळं जग तुझं मिठागर हाय काय? दिसलं लोखंड की चोपड तेल. उद्या माझ्या मोबाइलला लावशील.

काळुराम: चुकलं.

मनस्वी: चुकलं म्हणून मोकळा. तिकडं वळणावर माझ्या पुढं नुसता दगडांचा उतार, आणि हातात ब्रेक नाय. झुडपात घातली मी सायकल, मुद्दाम, नायतर...

काळुराम: तू पडलीस?

मनस्वी: नाय. म्हंजे थोडी.

काळुराम: तू काल म्हणालीस बांधावरनं घसरले. हाताला पट्टी कशाची म्हणून आईनं विचारलं, तेव्हा बांध म्हणालीस.

मनस्वी: सायकलवरून पडले सांगितलं असतं तर तुम्ही रविवारी जाऊ दिलं असतं मला? आईनं तर सायकलच विहिरीत टाकली असती.

काळुराम: हात बघू.

मनस्वी: काय नाय झालंय. खरचटलंय. सोड बाबा, दुकान हाय हे.

कमळाकर: मामा, राग नका मानू, पण स्पष्ट सांगतो. ही सायकल तुमच्या घरची नाय. उद्या रोह्याचा एक जण बघायला येतोय, जाणकार माणूस, मी त्याला देतो. तुम्ही खाडीवरची माणसं, तुम्हाला लोखंड म्हटलं की फावडा. तुमच्याकडं ही सहा महिन्यांत भंगारात जाणार. ही लाल न्या. तिला तेल लावा, तूप लावा, मिठात घालून मुरवा, मला काय नाय.

मनस्वी: शेठ.

कमळाकर: खोटं बोललो का? तूच आत्ता बिनडोक म्हणालीस.

मनस्वी: मी म्हणाले. माझा बाप हाय, मी म्हणेन. घरी जाऊन अजून म्हणेन, रातभर म्हणेन. तुम्ही नाय म्हणायचं.

कमळाकर: वा. म्हणजे तुला परवानगी आणि आम्हाला...

मनस्वी: तुम्हाला नाय. तुमच्या घरात जे मीठ हाय ना, ते याच माणसासारख्या माणसांनी उन्हात उभं राहून ओढलंय. त्यांना ब्रेक कळत नसतील. तुम्हाला तरी कुठं कळले? दोन दिवस चालवायला सायकल दिलीत, डिस्कला तेल लावू नको एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाय. घंटी फुकट सांगता येते, हे सांगता येत नाय.

कमळाकर: डिस्कला तेल लावू नये हे सांगावं लागतं, असं मला वाटलं नव्हतं.

मनस्वी: आता कळलं ना? पुढच्याला सांगा. रोह्याच्या जाणकारालापण सांगा, त्याचाबी बाप असेल. आता पॅड बदला, डिस्क स्पिरिटनं पुसा. पॅडचे पैसे वेगळे घ्या. आणि बोली उद्यापर्यंतची हाय, तोपर्यंत सायकल माझी हाय. दुसऱ्याला दाखवायचीसुद्धा नाय.

कमळाकर: तोंड आहे का करवत. बरं. अर्धा तास लागेल. नवे पॅड पहिल्यांदा नीट धरत नाहीत. सपाट रस्त्यावर पुन्हा पुन्हा दाबून बसवून घ्यावे लागतात. हे सांगितलं बरं का मी. ऐकलंस ना?

मनस्वी: ऐकलं.

काळुराम: मनू, नको घेऊ ही.

मनस्वी: आता तुझं काय?

काळुराम: नको. परत कर. पैसे माझ्याकडंच हायत, मी देत नाय. कॅम्प नको आणि काय नको. दुसरं काम बघ. मी हात लावला आणि तू पडलीस. झुडूप नसतं तर?

मनस्वी: झुडूप होतं.

काळुराम: होतं म्हणून तू बोलतेयस. मी घरी काय तोंड दाखवलं असतं?

मनस्वी: मग परत हात लावू नको, झालं.

काळुराम: घरात लोखंड ठेवायचं आणि हात लावायचा नाय, ते मला जमायचं नाय. मी माझ्या हातालाच भितो आता.

मनस्वी: भितो काय. इकडं ये. ही बघ, ही साखळी. हिला लावायचं. तेवढं तुझ्याकडं. चकतीच्या आसपास यायचं नाय, फडकंसुद्धा न्यायचं नाय. साखळी तुझी, बाकी सायकल माझी. कळलं?

कमळाकर: साखळीलापण जळकं ऑइल लावत नाहीत. त्याची वेगळी बाटली येते.

मनस्वी: शेठ, तुम्ही पॅड बदला. बाटलीपण द्या.

काळुराम: साखळी एवढीच?

मनस्वी: एवढीच. आणि तीपण मला विचारून. तुझ्यावर माझा विश्वास नाय.

काळुराम: नसू दे. रविवारी किती वाजता हाय?

मनस्वी: सकाळी. तुला काय करायचंय? तू आगरावर जा.

काळुराम: रविवारी नाय जात आगरावर. ती उतरायची वाट खाली कुठं निघते?

मनस्वी: आंब्याच्या बागेपाशी. का? खाली उभा राहून मला झेलणार हायस काय?

काळुराम: नाय. नुसता उभा राहीन.