थोरली काच, धाकटी काच

(कॅमेऱ्याच्या दुकानाची मागची खोली. पडदे ओढलेले, कोपऱ्यात एक छोटा दिवा. टेबलावर दोन लेन्स.)

आजी : तू आधी एवढं सांग, या दोघींत मोठं तोंड कुणाचं?

दुकानदार : या जाडीचं, काकू. पॉइंट नाइन फाइव्ह. आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. एवढं तोंड उघडणारी दुसरी माझ्याकडे नाही. शेजारची वन पॉइंट टू. तीही काही कमी नाही, पण उजेड हिच्यापेक्षा थोडा कमी घेते.

आजी : म्हणजे ही थोरली, ती धाकटी. थोरलीच बांध. कमी तोंडाचं आमच्या घरात कुणी टिकलं नाही.

नात : बांध काय, आजी? अजून हातात घेतली नाही मी.

आजी : घे की मग, कुणी धरलंय? हिनं तुला सांगितलं का रे? नसेलच, मूग गिळून बसायची सवय. सोमवारी हिला हॉस्पिटलात बोलावलंय. अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात ना, तिथं. बाळ पहिल्यांदा बाहेर काढून आईच्या छातीशी देतात, तेव्हाचा फोटो. गावात एवढे कॅमेरेवाले पडलेत, पण मोठ्या सिस्टरनी हिचंच नाव घेतलं.

नात : एक संधी दिली म्हण. आधीच्यानं फ्लॅश मारला म्हणून त्याला घालवलं. सोमवारी माझे फोटो आले नाहीत तर मलाही नमस्कार.

दुकानदार : आत उजेड किती?

नात : या दिव्याइतका. म्हणून तर तुम्हाला पडदे ओढायला लावले, काका. बाळांना त्रास नको म्हणून दिवे वाढवत नाहीत. आणि बाळ बाहेर असतं थोडाच वेळ. पुन्हा एकदा घेऊ, असं म्हणायची सोय नाही.

दुकानदार : मग थोरली… बघा, मीही थोरलीच म्हणायला लागलो. तिचं एक आहे. फोकस हातानं फिरवावा लागतो, धाकटी तो आपोआप धरते. आणि पूर्ण उघडली की स्पष्ट दिसतं ते एवढंसं. पापणी धरली तर नाक गेलं.

आजी : नाक गेलेला फोटो आमच्या स्टुडिओतून कधी बाहेर पडला नाही. हे तर दोन्ही कान स्पष्ट नसले तर गिऱ्हाइकाला परत बसवायचे.

नात : कान राहू दे. इकडं बघ. उजव्या डोळ्यावर धरते… झाला. आता दुसरीनं… झाला.

दुकानदार : दाखव. अरे वा. थोरलीचा काय आलाय. पापणीचा केसन् केस मोजून घ्यावा. मागची माझी फळी तर धुक्यातच गेली. काकू, इथं रोज लोक येऊन ही लेन्स फिरवून बघतात. पहिल्या झटक्यात कुणाला जमत नाही.

आजी : लोकांचं तू लोकांना सांग. ही चालायच्या आधी स्टुडिओत रांगली आहे.

नात : अजून एक. हलू नकोस… अजून एक. सगळे आले, काका.

आजी : येणारच. चल, बांध. आणि घरी जाताना त्या कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याच्या दारावरून जाऊ. वाट लांबची पडली तरी चालेल.

नात : नका बांधू, काका.

आजी : आता काय झालं तोंड पाडायला?

नात : आजी, तू श्वास घेत होतीस?

आजी : फोटो काढताना? कशाला घेईन?

नात : हसू नका, काका. घरात आम्ही सगळे असेच. बाबा, आत्या, मी. कॅमेरा वर आला की दगड. मोठी होईपर्यंत मला वाटायचं, सगळी माणसं अशीच असतात. आजीवर लेन्स तपासणं म्हणजे भिंतीवर तपासणं.

आजी : भिंत झाले होय मी?

नात : उत्तम भिंत. पण तिथली आई अशी बसेल? ती डोलेल, वाकेल, रडेल. तू जरा हल.

आजी : जन्मभर मी लोकांवर ‘हलू नका’ म्हणून ओरडत आले, आणि आता नात मला हलायला सांगते.

नात : ही बॅग घे. बाळ समज.

आजी : बॅगेला बाळ समजण्याइतकी म्हातारी नाही झाले अजून.

दुकानदार : घ्या हो काकू, रिकामी आहे. ओली नाही करणार.

नात : अगं, तू थांबून थांबून हलतेस. मी बोट टेकवलं की पुन्हा दगड. बाबांना कशी घ्यायचीस? ते झोपायचे नाहीत म्हणे.

आजी : झोपतोय कुठला. त्याला खांद्यावर टाकून अंधाऱ्या खोलीत न्यायची. हे बाहेर गिऱ्हाइकं बघायचे, फोटो धुणं माझ्याकडं. लाल दिवा, एका हातानं औषधाचा ट्रे हलवायचा, दुसऱ्या हातानं हा. अस्सं. ट्रे इकडं की हा तिकडं. सारखी किरकिर. पण कागदावर कुणाचं तोंड उमटायला लागलं की गप्प. टक लावून बघायचा. डोळे, मग नाक, मग सगळा माणूस. बघता बघता मान जड व्हायची त्याची, माझ्या गळ्याशी… काय करतेस गं?

नात : काही नाही. झालं.

आजी : काढलास? सांगायचं तरी.

नात : सांगितलं असतं तर मिळाली असतीस का? दोन्हींनी काढले. मध्ये लेन्स बदलली, ते तुला कळलंही नाही.

दुकानदार : आण इकडं. थोरलीचे… हा गेला. हाही गेला. इथं बॅगेचं बक्कल स्पष्ट आणि काकू धूसर. हा मात्र… हा बघा, काकू.

आजी : ही मी?

दुकानदार : आता धाकटीचे. आला, आला, हाही आला. डोळा सापडला की सोडत नाही ती. पण खरं सांगू? थोरलीचा तो एक, या सगळ्यांवर भारी आहे.

नात : आहे. माहीत आहे मला. इथं तो एक पुरला. तिथं एका आईचा असा येईल, आणि दुसरीला मी बक्कल दाखवू? नाव माझं होईल आणि फोटो त्यांचे जातील. धाकटी द्या, काका.

दुकानदार : बघ हं. ही ज्याच्याकडे असते त्याला लोक वळून बघतात.

नात : बघू देत.

आजी : शेजारणीला सांगून आलेय मी. म्हटलं, गावातली सगळ्यात मोठी काच आज आमच्या घरी येणार.

नात : मग आता काय सांगशील?

आजी : सांगेन. थोरली तुझ्या हातात नीट चालत होती, आणि तूच ती खाली ठेवलीस.