खोड दादाकडे, फांद्या माझ्याकडे

...नाही, आधी मला हे सांगा, घराची वाटणी तुम्ही ऐकली असेल, भांड्यांची ऐकली असेल, आमच्या शेजारणीकडे तर एका शिडीवरून दोन जावांची बोलाचाली बंद झालेली मी या डोळ्यांनी पाहिलीय, पण नाताळच्या झाडाची वाटणी? खोड दादाकडे, फांद्या माझ्याकडे, चांदणी बारक्याकडे... ही काय वाटणी झाली? हसू नका! तुमच्या वाट्याला आली असती म्हणजे कळलं असतं.

खरं झाड नव्हे हो. तारेचं, प्लास्टिकच्या पानांचं, वडिलांनी आणलेलं. खोडाला भोकं, फांद्यांना आकडे आणि आकड्यांना रंग. लाल आकडा खालच्या भोकात, पिवळा मधल्या, निळा वरच्या, इतकं सोपं. पण दोनच वर्षांत रंग उडाला, आणि तेव्हापासून कुठली फांदी कुठे यावरून दर नाताळला आमच्या घरात जी जुंपायची, की खालचे भाडेकरू वर येऊन बघून जायचे. आई खुर्चीत बसून हुकूम सोडणार, "ती खालची आहे!" दादा म्हणणार, "मधली आहे!" मी म्हणणार, "तू गप रे, तुला काय कळतंय!" आणि बारक्या, म्हणजे आमचा धाकटा, नावाचाच बारक्या, आता दारातून तिरका होऊन आत येतो, तो म्हणणार, "केक कधी कापायचा?" एवढं रामायण होऊन झाड उभं राहायचं ते डावीकडे कललेलं. शेजारच्यांचं बोलणं चोरून ऐकत असल्यासारखं!

मग आई आजारी पडली. शेवटी शेवटी एक दिवस आम्हा तिघांना जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगणार, मी पदर डोळ्याला लावून तयार! तर म्हणते, "खोड थोरल्याकडे. फांद्या हिच्याकडे. चांदणी बारक्याकडे." मी म्हटलं, "अगं आई, पाऊण झाड घेऊन मी काय करू?" तर डोळे मिटून म्हणते कशी, "म्हणजे भांडायला तरी एका जागी याल." झालं! ती गेली सुटून, आणि अकरा वर्षं झाली, मी खोकं वाहतेय.

कारण न्याय बघा ना! खोड म्हणजे एक दांडा आणि तिवई, ती दादाच्या माळ्यावर आरामात झोपलेली. चांदणी बारक्याच्या खिशात मावते. आणि फांद्या? सत्तेचाळीस! खोकं एवढं, की बसमध्ये चढताना आधी ते चढतं, मग मी, मग माझी चप्पल, चढली तर! तुम्हाला सांगते, दरवर्षी तोच कंडक्टर, दरवर्षी तेच, "बाई, यात काही जिवंत आहे का?" मी म्हटलं, "मी आहे! तेवढी मीच जिवंत आहे, आणि तीही पुढच्या स्टॉपपर्यंतच!" दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून लोकांना 'आता दिसतंय? आता स्पष्ट दिसतंय?' विचारून विचारून घसा कोरडा, आणि वर हे खोकं. खोड दादाकडे, फांद्या माझ्याकडे. कमाल आहे!

तर यंदाचं ऐका. तेवीस तारखेला अर्धा दिवस रजा टाकली, खोकं घेतलं, बस घेतली, कंडक्टरचं ऐकून घेतलं, तीन जिने चढले, बेल वाजवली. वहिनीने दार उघडलं. आणि तिच्या मागे... झाड! अख्खं! उभं! सरळ! दिवे लावलेलं, लुकलुकतंय मेलं! मी खोकं धरून दारातच. वहिनी म्हणते, "या ना वन्सं! बघा, छत्रीसारखं उघडतं. एका मिनिटात!" एका मिनिटात म्हणे! तिच्या तोंडावर इतकं कौतुक! आणि दादा आतून टॉवेलला हात पुसत येतो नि म्हणतो, "अगं, तुला त्रास नको म्हणून आणलं."

त्रास नको म्हणून! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी कधी म्हटलं, मला त्रास होतो?

...बरं, म्हटलं. दरवर्षी म्हटलं. दारातच म्हणते मी. बेल वाजवायच्या आधीपासून म्हणते, जिन्यात पहिल्या मजल्यापासून ऐकू जातं, 'कंबर मोडली, पुढच्या वर्षी मी आणायची नाही, फेकून देईन गटारात!' अकरा वर्षं म्हणतेय. पण म्हणून काय ते ऐकायचं? सख्ख्या भावाला एवढं कळू नये, की बाई ओरडतेय म्हणजे आलीय? मुकाट्याने आले असते तर काळजी कर ना, डॉक्टरला बोलाव ना!

मी म्हटलं, "दे ते खोड." तो म्हणाला, "अगं, बस तरी, चहा..." "खोड दे!" गेला माळ्यावर. आणला दांडा. आईच्या जुन्या चादरीत गुंडाळून, दोन्ही टोकांना सुतळीने बांधून ठेवला होता हो त्याने, जसं काही तान्हं मूलच. ते पाहून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. एका काखेत खोड, एका काखेत खोकं, आले तरातरा घरी. वाटेत बारक्याचा फोन. "ताई, मग मी चांदणी कुठे आणू?" मी म्हटलं, "तुझं तू ठरव!" तर विचारतो, "नाही, म्हणजे केक कुठे आहे?"

घरी आले तर तिवईच नाही! रागाच्या भरात मी मागितली नाही, त्याने दिली नाही. बादलीत विटांचे तुकडे भरले आणि त्यात खोवलं खोड. एकटीने लावल्या सत्तेचाळीस फांद्या. आडवं यायला कुणी नाही, 'ती मधली' म्हणायला कुणी नाही, तासाभरात झाड तयार. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अरे वा, यंदा सरळ उभं राहिलं की!"

सरळ! आयुष्यात पहिल्यांदा सरळ! आणि तुम्हाला सांगते, मला ते बघवेना. दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटायला लागलं. आईची खुर्ची जिथे असायची त्या बाजूला ते कलायचं ना नेहमी... आता कुठेच ढुंकून बघेना. अशी चीड आली मला, दादाची, त्या छत्रीची, माझ्या तोंडाची! यंदा नाताळला माझ्या घरात अख्खं झाड होतं आणि माणूस एक नव्हतं. हे होते, पण ते पेपरात.

चोवीसला सकाळी बेल. दारात दादा. हातात तिवई. मागे बारक्या, तिरका. दादा म्हणतो, "अगं, ही राहिली होती माळ्यावर." राहिली होती! हा माणूस गोदामात सामान सांभाळतो, एक स्क्रू कमी भरला तर याला घास गिळत नाही, आणि याच्याकडून तीन पायांची तिवई राहिली! तो आत आला, झाडाकडे बघितलं, मान वाकडी केली आणि म्हणाला, "ही फांदी खालची आहे."

मी म्हटलं, "मधली आहे!"

"खालची आहे!"

"तू तुझी छत्री उघडून बस जा, तुला काय कळतंय!"

दुपारपर्यंत झाड तीनदा उतरवलं, तीनदा लावलं, वहिनी आली तिनेही दोन फांद्या चुकवल्या, बारक्याने चांदणी लावताना अंगाचा सगळा भार टाकला, आणि संध्याकाळी बघते तर कललं! डावीकडे! मग कापला एकदाचा केक.

निघताना दादा म्हणाला, "सुट्ट्या संपल्या की खोड न्यायला येतो. म्हणजे... फांद्या तू आणणार असशील तर." मी सवयीने ओरडले, "मी नाही वाहणार ते खोकं!" तर हा जिन्यात थबकला. चेहरा पांढराफटक. म्हणतो, "नक्की ना? मग ती छत्री ठेवून देतो मी, पुढच्या वर्षी लागेल."

काय करणार! सगळ्या जिन्यासमोर, शेजाऱ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा म्हणावं लागलं हो मला, "अरे गाढवा... आणणार आहे."

म्हणजे आता दरवर्षी आधी ओरडायचं, आणि मग हेही सांगायचं. त्यापेक्षा ते खोकं हलकं होतं!