तीस तारखेची तपासणी

धुरपदा : अंगठा देते, पर आदी वाचून दाखव. काय लिवलंय?

माया : "आशाताई माया माझ्या सुनेला दर महिन्याला घरी येऊन तपासत होत्या." एवढंच, मावशी. उद्या मोनालीच्या चौकशीला पुण्याचे साहेब येणार हायेत.

धुरपदा : पोरीचं तेरावं झालं, आन् आता साहेब येत्यात व्हय! माये, तू तीस तारखेला आली हुतीस का गं?

माया : मोबाईलवर हाय की तशी नोंद.

धुरपदा : मोबाईलचं कुठं इचारते? सतीशला कुरकुंभला कंपनीत मेसेज आला, बायकोची तपासणी झाली, बीपी एकशे दहा-सत्तर, समदं ठीक. त्यानं फोन करून मला सांगितलं. आन् मी तर त्या दिशी सकाळधरनं हितंच शेंगा फोडत बसलेली. म्हणलं, म्हातारी झाले, इसरले आसंन.

माया : मावशी...

धुरपदा : ऐक. दुसऱ्या दिशी पोरगी म्हणली, आत्या, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतीय. मी म्हणलं, अगं, कालच तर माया तपासून गेली, काय हुत न्हाई तुला. बाम चोळत बसले. चोळता चोळताच झटके आले गं तिला. दौंड यायच्या आत गाडीतच गेली, पोटातलं बाळबी गेलं. सतीश माझं तोंड बघत न्हाई. हात किती धुतले, तरी जेवताना बामाचा वास येतो. मीच मारली तिला.

माया : न्हाई ओ मावशी! असं नका बोलू.

धुरपदा : मग आली हुतीस?

माया : न्हाई. मी आलेच न्हवते.

धुरपदा : मग ती मोबाईलवरची नोंद कुठनं आली?

माया : आता देशभर समदं मोबाईलवर केलंय. तीस तारखेच्या आत भरलं न्हाई की नाव लाल होतं, मग मीटिंगमधी समद्यांपुढं उभं करत्यात. बीपीचं मशीन दोन महिने बंद. मागितलं तर म्हणत्यात, वरनं आलं न्हाई. मग घरी बसूनच भरलं. समद्याजणी तसंच भरत्यात. मोनालीचे पाय सुजलेले मी रस्त्यात बघितले होते मावशी. बघून पुढं गेले.

धुरपदा : सतीशला सांगशील हे?

माया : सांगते. साहेबालाबी सांगते. काम गेलं तर गेलं.

धुरपदा : आजून किती जणींचं आसं घरी बसून भरलंस?

माया : अकरा.

धुरपदा : दिस जवळ आलेली हाय कुणी त्यात?

माया : वरच्या आळीची प्रांजल. नववा लागलाय.

धुरपदा : मग हितं रडत काय बसलीस? ऊठ. चपला घाल.