सिंधूची धाव आणि मुका फोन

मंडळी, ऐका! आज प्रश्न साधा आहे. केलेलं काम कुणी पाहिलंच नाही, तर ते जातं कुठं? हवेत विरतं? मातीत मुरतं? का कुठंतरी शिल्लक राहतं? मृदंगवाले, जरा दमानं! उत्तर मी देत नाही, खडकेवाडीची सिंधू गावडे देईल.

खडकेवाडीत नवरात्राची रीत अशी — घट बसतात त्या सकाळी डोंगरावरच्या यमाईची ज्योत पळत पळत गावात आणायची. वाटेत गडी बदलतात. पण शेवटचा जो ज्योत घेऊन देवळाची पायरी चढतो, त्याच्या पायावर पाणी घालायचं. कुणी? बायकांनी! सिंधूनं लग्न झाल्यापासून दर वर्षी तांब्या धरला. पाणी घालायची, आणि त्या भिजल्या पायांकडं बघत मनात म्हणायची, “आई यमाई, एकदा हे पाय माझे असू दे!”

मागणं मोठं होतं का, हो? पण सांगणार कुणाला!

तर शेवटच्या मानावरून दर वर्षी भांडणं. मंडळाचा अध्यक्ष धनाजी कंटाळला. म्हणाला, “या भादव्यात जो जास्त पळेल, त्याची ज्योत! फोनमधलं आरोग्याचं ॲप सांगेल तेच खरं. अमावास्येला दिवेलागणीला हिशेब बंद!”

सिंधूनं विचारलं, “जो म्हणजे बाईसुद्धा?”

धनाजी हसला. “पळा की, वहिनी! देवीला काय बाईचं वावडं आहे?”

लेकीनं पुण्याहून घड्याळ पाठवलं होतं. मनगटावर बांधलं की धाव मोजतं. सिंधू पहाटे लुगडं खोचून निघायची. फोन घरी चुलीशेजारी, घड्याळ हातात. कुत्री भुंकली, सासूबाई भुंकल्या — अहो, हसताय काय? तुमच्या घरी नाहीत का! — पण बाई थांबली नाही.

आणि आली सर्वपित्री अमावास्या. देवळापुढं सगळे जमले. एकेक फोन बघितला, तर खुद्द धनाजीच सगळ्यांच्या पुढं! धनाजीनं सिंधूचा फोन उघडला, आणि मोठ्यानं वाचलं —

“शून्य!”

गाव खदाखदा हसलं. “वहिनी, स्वप्नात पळाला काय?”

सिंधूचं तोंड उतरलं. महिनाभराचा घाम, आणि फोन म्हणतो, ही बाई उंबऱ्याबाहेर पडलीच नाही! तिनं तिथूनच लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, “आई, घड्याळाकडची माहिती घेऊ का, असं फोननं विचारलं होतं ना? काय दाबलंस?”

“‘नाही’ असं दाबलं.”

“का गं?”

आता बघा मंडळी! त्यांच्या आळीत एकाला फोनवरून कुणीतरी फसवलं होतं. तेव्हापासून सिंधूच्या नवऱ्यानं, महादूनं, घरात दंडक घातला होता — फोन काहीही विचारो, उत्तर एकच, “नाही!” घड्याळ रोज दारात उभं, आणि फोन आतून कडी लावून बसलेला!

“अगं, घड्याळात सगळं आहे,” लेक म्हणाली. “फक्त परवानगी द्या.”

महादूनं फोन ओढून घेतला. आता पठ्ठ्या उलटा पेटला! जे विचारील त्याला — हो! हो! हो! आणि काय सांगू! पाटाचं दार उचलावं तशा धावा फोनमध्ये घुसल्या! धनाजी ओरडला, “अरे, वहिनी पहिल्या! माझ्याही पुढं!”

टाळ्या झाल्या. सिंधू मात्र फोनकडं बघत राहिली. ज्या दिवशी पाय मुरगळून ती ओढ्यापासूनच परतली होती, ती लंगडी धाव तिथं दोनदा दिसत होती. खाली बघते तर प्रत्येक धाव दोनदा! महादूनं दोन ॲपांना हो म्हटलं होतं, आणि दोघांनी एकच धाव आपापल्या नावानं आणून टाकली होती.

महादूनं तिला कोपर मारलं. “गप की! कुणाला कळतंय?”

सांगा मंडळी, तुम्ही काय केलं असतं?

सिंधू म्हणाली, “धनाजीभावजी, हे दुप्पट आलंय. मी एकदाच पळाले. एकेक पुसा.”

पुसल्या, दुसऱ्या ॲपला नाही म्हटलं. आणि सिंधू धनाजीच्या मागं पडली — फार नाही, गावाला एक वळसा एवढीच! महादूनं कपाळावर हात मारला.

सिंधूनं मान वर केली. दिवेलागण व्हायची होती. उन्हं अजून कळसावर होती. तिनं फोन धनाजीच्या हातात दिला, आणि पदर खोचला.

“भावजी, हिशेब बंद झाला का?”

“नाही, अजून…”

पुढचं ऐकायला बाई होती कुठं! धनाजीही मागं धावला. पण त्याच्या पोटात पितरांचं जेवण — खीर, वडे, कढी! चावडीपर्यंत गेला आणि तिथंच पाय पसरून बसला. सिंधू दिवसभर वाढत होती, तिच्या पोटात फक्त पाणी! वेशीवरून, शाळेमागून, गाव घुमलं — “वहिनी, पळा! सिंधूताई, पळा!” रोज पहाटे भुंकणाऱ्या सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, “सूनबाई, मागं बघू नको!”

एक वळसा झाला. तिनं आणखी अर्धा मारला. चावडीशी, फोनजवळ येऊन उभी राहिली, आणि धनाजीच्या तळहातावर — टिंग! घड्याळानं दिलं, फोननं घेतलं. तेवढ्यात देवळात पुजाऱ्यानं समई लावली.

धनाजी धापा टाकत म्हणाला, “वहिनी, ज्योत तुमची!”

दुसऱ्या सकाळी सिंधू ज्योत घेऊन पायरीशी आली. पाणी घालायला तांब्या धरून कोण उभं? महादू! म्हणाला, “घालू का? परवानगी आहे?”

ती म्हणाली, “आज उत्तर एकच — हो!”

मंडळी, केलं ते जात नाही. तुमच्या आत एक घड्याळ आहे, ते कधी झोपत नाही. पण आपण काय करतो? देव दारात येतो, त्याला म्हणतो, नाही! आणि वाटीभर साखर शेजारी दिली, तर दहा घरी सांगतो — एक धाव, दहा वेळा! घरी गेलात की तेवढं पुसा. आणि पुसून कमी पडलं, तर रडू नका.

कळसाकडं बघा. अजून ऊन आहे.