चांगुणाच्या पातीतल्या लाल टोप्या

बसा नं साहेब, उभे काऊन? हिंमतराव भाऊ येतीलच आता — मोताळ्याची एस.टी. मशिदीपाशी थांबली का पाच मिनिटाची वाट हाय. तवर चहा घ्या. वावर त्यायचं, बियाण्याचा प्लॉट त्यायचा, पन त्याच्यात काय चालते ते मले इचारा. मी मंजुळाबाई. या रोहिनखेडात कापूस येचाले माह्यापेक्षा चपळ हात नव्हता — नाही — अजूनबी नाही, कोनालेबी इचारा. तुमी मघाशी म्हनले ते खरं हाय. दुपार टळली तरी चांगुणाच्या पातीत, तिच्या वाट्याच्या ओळीत, लाल टोप्या होत्या. मीबी पाह्यल्या. मी आपून होऊन बोलली नसती, पन तुमी इचारलंच तं सांगते.

पह्यल्याच दिवशी तुमी कसं समजावून देल्लं होतं — कपाशीची उद्या फुलनारी कळी संध्याकाळी धराची, नखानं चिरून तिच्यातला नर काढून टाकाचा, अन् वरून लाल कागदाची टोपी घालाची. सकाळी टोपी काढाची, त्या दुसऱ्या वाणाचं फूल आनून तिच्यावर घासाचं, अन् मंग पांढरी टोपी. लाल म्हंजे राह्यलं, पांढरी म्हंजे झालं. आमी बाया त्याले लगनच म्हनतो — चाला वं, लगनं लावाले चाला! लहान लेकराले समजन असं काम. मंग दुपारी लाल कशी राह्यली? लगन लावलंच नाही म्हनून राह्यली. सकाळभर काय करत होती मंग? ते तिले इचारा. मी कोनाची चुगली करत नसते.

चांगुणा म्हंजे ते बौद्धपुऱ्यातल्या पंजाबरावची बायको. लगन होऊन आली तवा बोंड कुठून धराव तेबी येत नव्हतं तिले — बोटं रक्तबंबाळ करून घ्याची. मी तिले माह्या बाजूची पात देल्ली, म्हटलं माह्याकडे पाहत राह्य अन् येच. मी शिकवलं, साहेब. अन् आता? शंभर कळ्याची लगनं लावते तं म्हने ऐंशी बोंडं धरतात. ऐंशी! माह्या? माह्या बी धरतात — पन्नासक — तुमच्या वहीत असनच लिहेल — बरं, तीस. तिचे बोटं बारीक हायेत, दुसरं काय? येचनीले पाठ लागत होती, जोर लागत होता, तठी मी होती. आता हे तुमचं हायब्रेट आलं — पाठ नको, जोर नको, कळीतले ते नराचे खसखशीएवढे दाने तेवढे दिसले पायजे. मले दिसतात हो! ऊन असलं का दिसतात. संध्याकाळी जरा — ते जाऊ द्या.

अन् तुमीच नाही का म्हनले सगळ्यायसमोर, का हे बियाणं पुऱ्या वऱ्हाडात जाईन, मंग गावोगाव असे प्लॉट होतील, शिकवाले बाया लागतील, म्हनून इथून एका बाईले अकोल्याच्या विद्यापीठात नेनार? मी त्याच दिवशी लुगडं काढून ठेवलं. हिरवं, जरीच्या काठाचं. हासू नका. वीस वर्सं या गावात माह्याबिगर कोनतीबी पात सुरू झाली नाही, मंग कोन जाईन अकोल्याले? अन् परवा हिंमतराव भाऊ म्हनतात, चांगुणाचं नाव देल्लं. मी तठीच उभी होती. माह्याकडे पाह्यलंबी नाही. जळली मी, साहेब. हाव, जळली. पायापासून डोक्यापर्यंत जळली, खोटं काऊन सांगू?

काय पाहून राह्यले? चुलीपाशी? ते — कागद हायेत. टोप्या हायेत त्या. पांढऱ्या. चूल पेटवाले आनल्या — त्याच्यावरच तं तुमचा चहा झाला — चांगुणाच्या? आता टोपीवर काय नाव लिहेल असते का?

बरं. बदलल्या मी. ती भाकर खाले बाभळीखाली गेली, तवा पांढऱ्या काढल्या अन् लाल घातल्या. पन वाईट मनानं नाही! तुमीच सांगा, लगन झाल्यावर कोन पांढरं घालते? कुवारपनी लाल अन् लगनानंतर पांढरं — उलटं हाय का नाही? मी पह्यल्या दिवशीच म्हटलं होतं, हे अपशकुनी हाय, बोंड धरनार नाही. तं ती हासली. म्हने, "मंजुळाबाई, माह्या लगनात मी पांढरंच लुगडं नेसली होती. आमच्यात नवरी पांढरंच नेसते. अन् तीन लेकरं हायेत मले." सगळ्या बाया हासल्या. पंचफुला तं खालीच बसली हासत. म्हनून मी म्हटलं, पिकाचं वाईट नको व्हाले, आपून गुपचूप लाल घालून देवाव — पिकाच्या भल्यासाठीच —

काय? तोडाले लावलं? कवा? इथं याच्या आधीच? लाल टोपीच्या सगळ्या कळ्या? अहो, काऊन पन? — बिन लगनाच्या ठेवत नाहीत, बियाण्यात भेसळ होते, नेम हाय — मले काय मालूम तुमचा नेम! मले वाटलं, तुमी तिले बोलसान, नाव खोडसान, बस झालं. अन् तोडाले लावला कोन, तं तो इंद्रभान गडी — त्याचा हात म्हंजे, एकदा लागला का पुरी ओळ साफ करून मोकळा होते तो! अहो साहेब, त्या झाल्या हायेत, त्यायचं लगन झालं हाय, मी सोता पाह्यलं — एक-एक कळी सोडून नाही, कशी बारीक घासत होती, जशी लेकराच्या डोळ्यात काजळ घालते. त्यातलं एकबी फुकट जानार नाही. तिच्या हातच्या हायेत त्या!

काय म्हनले? माह्या पातीतल्याबी बदलल्या का?

पांढऱ्या. माह्या पातीत पांढऱ्याच हायेत. नाही बदलल्या.

असं पाहू नका माह्याकडे. तोडाच्या असतील तं त्या तोडा. त्याच्यात नर राह्यले हायेत, खरी भेसळ ते हाय — दिसत नाही मले, साहेब. दोन वर्सं झाली. सुईत दोराबी पंचफुला ओवून देते. मी अंदाजानं नख फिरवते अन् लाल टोपी घालते, म्हंजे कोनाले समजत नाही.

चहा राहू द्या. जा, पळा, आवाज द्या त्या इंद्रभानले — माहा आवाज नाही जात तिथपर्यंत. अन् चांगुणाले मी सांगतलं म्हनून सांगू नका. ती मले काही बोलनार नाही, तेच मले नको हाय. अकोल्याले ती पांढरं नेसून जावो का हिरवं — मले पाहाले बोलावू नका. जा म्हनते नं.