शेजाऱ्याने विष घातले नाही, याबद्दल

नाव सुलभा बाळकृष्ण शिराळकर, वय ४७ वर्षे, धंदा घरकाम, राहणार तिसरा क्रॉस, उणकल, हुबळी. आज शुक्रवार, ता. ९ मार्च २००१ रोजी दुपारी साडेबारा वाजता आपणहून ठाण्यात येऊन सांगते की,

माझे पती कोप्पीकर रोडवर कापडाचे दुकान चालवतात. त्यांच्या कोपरांवर व गुडघ्यांवर सहा वर्षांपासून चट्टे आहेत. रोग एकाचा दुसऱ्याला लागणारा नाही, पण मुलीच्या सोयरिकीत ते कोण ऐकून घेतो? म्हणून मलमाची ट्यूब आम्ही घरात ठेवत नाही. पती दुकानातच मलम तुपाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत काढून आणतात.

रविवारी माझी मुलगी रूपाली हिला बघायला बेळगावचे पाहुणे आले. घाईत मी ती डबी मागच्या पडवीत वाटणाच्या दगडी रगड्याखाली सारली. तीनच्या सुमारास बघितले तर आमचा कुत्रा बंड्या याने ती फोडून चाटून साफ केली होती. एवढ्याशा मलमाने काय होतंय, असे वाटले. तुकडे गोळा करून टाकले.

सोमवारी सकाळी तो ओकू लागला व सारखे पाणी पिऊ लागला. दहा वाजता जनावरांचे डॉक्टर घरी आले. बेळगावच्या नवऱ्या मुलाची आत्या अंबूताई खरेदीसाठी मागे राहिली होती, ती तिथेच बसली होती. डॉक्टर म्हणाले, "कुणाचं मलम खाल्लंय का? चट्ट्यांवरचं असलं तर आत्ताच सांगा, त्याचा उपचार वेगळा आहे." मी म्हणाले, "आमच्यात कुणाला चट्टे नाहीत." त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हणाले, "शेजारच्या शेषगिरी अण्णांनी विष घातलं असणार." भुंकण्यावरून ते मागे एकदा, विष घालीन, असे ओरडले होते.

विष म्हटल्यावर मी बंड्याला तूप घालून दूध पाजत राहिले. मंगळवारी दुपारी दोन वाजता तो मेला. नऊ वर्षे आमच्याकडे होता.

अंबूताई म्हणाली, असल्या माणसाला सोडू नका. बुधवारी तिच्यासोबत येऊन मी तक्रार दिली. शेषगिरी अण्णा, वय ६८, यांना काल दिवसभर ठाण्यात बसवून घेतले. संध्याकाळी परत येताना ते आमच्या फाटकाशी थांबले. म्हणाले, "सुलभाक्का, मी रागानं बोलतो हो. पण रोज सकाळी त्याला भाकरी कोण घालत होतं?" ते मला माहीत होते. मी दार लावून घेतले.

आज सकाळी डॉक्टरांना खरे सांगितले. ते म्हणाले, सोमवारी बोलला असता तर काही करता आले असते. त्या मलमावर दूध तर अजिबात द्यायचे नव्हते.

शेषगिरी अण्णांविरुद्ध माझी तक्रार नाही. मला लाज वाटते. बेळगावचा होकार काल आला आहे. मी इथे आल्याचे घरी माहीत नाही.

हवालदार जयतीर्थ यांनी सर्व मला मराठीत वाचून दाखवले. पतीच्या चट्ट्यांचे वाक्य गाळू का, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, राहू द्या. मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही
सुलभा बा. शिराळकर