दारुमाचा दुसरा डोळा

बर्फातून सरकणाऱ्या बसमध्ये माझ्यापुढे दोघी बसल्या होत्या. एकीच्या हातात मोबाइल, दुसरीच्या मांडीवर लाल दारुमा, नवसाचा गोल बाहुला. नवस बोलताना रंगवलेला एक डोळा काळाभोर, दुसरा नवस फळेपर्यंत कोरा.

"हिसाएकाकू, बघा तरी! तुमची मिनोरी निघाली!"

"मला नाही बघवत. तूच सांग."

"बर्फाचे उंचवटे कसे तुडवतेय स्कीवर! ऑपरेशन झालेले गुडघे, पण शिवणयंत्रासारखे चाललेत! उडी... गिरकी... उतरली! काकू, पहिला नंबर! रंगवा डोळा!"

"कोणी राहिलंय का अजून?"

"एकच."

"मग गप्प बस. मागच्या वेळी अशीच घाई केली मी. इकडे डोळा रंगवला, तिकडे पोरगी दुसऱ्या नंबरावर. वर्षाखेरीस रिवाजाप्रमाणे देवळात नेऊन जाळेपर्यंत तो मेला दोन्ही डोळ्यांनी बघत होता माझ्याकडे!"

"निघाली शेवटची... काय वेग आहे हिचा... अगं बाई, पडली!"

"लागलं का गं तिला?"

"नाही, उठली. हसतेय. काकू, मिनोरी जिंकली!"

"दे तो मार्कर! ओ ड्रायव्हरदादा, गाडी थांबवा जरा, डोळा तिरका होतोय!"

"गाडी केव्हाची थांबवलीय, मावशी. तुमचाच हात थरथरतोय."